पोतोसी: चांदी डोंगरातली, वेठ गावोगावची

सुक्रेहून निघालेली बस साधारण तीन तासांत पोतोसीला पोहोचते. बोलिव्हियातलं हे शहर चार हजार मीटर उंचीवर आहे, त्यामुळे चार पायऱ्या चढलं तरी धाप लागते. गल्लीच्या टोकाला तांबूस सेरो रिको उभा दिसतो. १५४५ मध्ये या डोंगरात चांदी सापडली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे दीड लाखाच्या आसपास माणसं राहू लागली.

ती सगळी आपखुशीने आलेली नव्हती. १५७० च्या दशकात स्पेनच्या राजाचा इथला प्रतिनिधी, व्हाइसरॉय तोलेदो, याने मिता लागू केली. स्पॅनिश येण्याआधीच्या इंका राज्यात पाळीपाळीने श्रम देण्याची रीत होती, तिचीच त्याने वेठबिगार केली. सोळा प्रांतांतल्या दर सात पुरुषांमागे एक, असे वर्षाला तेरा हजारांहून जास्त मजूर. इंकांच्या जुन्या राजधानीकडची, कुझ्कोकडची कुटुंबं बायकामुलं आणि ओझी वाहणाऱ्या लामा नावाच्या जनावरांसह कित्येक आठवडे चालत यायची. खाणीत दरड कोसळायची. बाहेर चांदी वेगळी करायला खनिजाच्या चिखलात पारा कालवून तो पायांनी तुडवायचा.

पण मला जास्त अस्वस्थ केलं ते मागे राहिलेल्या गावांनी. मजूर कमी पडले तर भरपाई गावाच्या मुखियाने, म्हणजे कुराकाने, चांदीत करायची. गाव सोडून परक्या मुलखात राहणाऱ्याला मिता लागत नसे, म्हणून माणसं पळून जात. मागे राहिलेल्यांची पाळी मग लवकर लवकर येई. आपली जमीन आणि आपली माणसं सोडण्यातच सुटका वाटावी, यापरता जुलूम कोणता?

इथल्या जुन्या टाकसाळीच्या संग्रहालयात चांदीचे पट्टे लाटायची प्रचंड लाकडी यंत्रं आहेत. ती खेचरं ओढत. पण मी खिळून राहिले ते अठराव्या शतकातल्या एका चित्रापुढे. त्यात येशूची आई मेरी आहे आणि तिचा झगा म्हणजे सेरो रिकोच, त्यावर वाटा, माणसं, जनावरं. चितारी अज्ञात आहे. या मेरीत अनेकांना पाचामामा, म्हणजे धरणीमाता दिसते, आणि मलाही दिसली. स्पॅनिश अमेरिकेतली चांदी सुरतेपर्यंत येऊन मुघल टाकसाळीत रुपये व्हायची, हे वाचलेलं तिथे आठवलं.

मिता १८१२ मध्ये कायद्याने संपली. डोंगरात मात्र आजही सहकारी संस्थांचे खाणकामगार कोकाची पानं चघळत काम करतात. पर्यटकांना खाणीत नेतात, मी गेले नाही. घाम गाळणाऱ्यांच्या मधे कॅमेरा घेऊन उभं राहणं मला पटत नाही. तुम्ही जाणार असाल, तर निदान आधी टाकसाळ सावकाश बघा.