कोरोला २००६: स्पायरल केबल बदलली, पण आधी एअरबॅग

गेल्या वेळी लिहिलं होतं की हॉर्न अधूनमधून मुका होतोय आणि एअरबॅगचा दिवा विझत नाहीये. स्कॅनरने ड्रायव्हरच्या बाजूचं स्क्विब (एअरबॅग पेटवणारा छोटा विजेचा घटक) सर्किट ओपन, म्हणजे कुठेतरी तुटलेलं, दाखवलं. हॉर्न आणि एअरबॅग, दोन्हींच्या तारा स्टिअरिंगखालच्या स्पायरल केबलमधूनच जातात (स्टिअरिंग फिरलं तरी जोडणी टिकवणारी, गुंडाळलेली चपटी केबल), त्यामुळे संशय तिथेच होता. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये काम काढलं.

चाकं सरळ केली, किल्ली काढून खिशात ठेवली. दहाच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि पुन्हा टेकू नये म्हणून टर्मिनलला कापड गुंडाळलं. घड्याळ, रेडिओची सेटिंग जाऊ नये म्हणून काही जण सिगरेट लायटरमधून छोटी बॅटरी जोडून ठेवतात. या कामात ते अजिबात करू नका. आपण जो पुरवठा तोडायला बसलोय, तोच मागच्या दाराने चालू राहतो.

मग थांबलो. टोयोटाचं मॅन्युअल किमान ९० सेकंद सांगतं. मी दहा मिनिटं घेतली. अपघातात बॅटरीच तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून सिस्टिममध्ये राखीव वीज साठवलेली असते, आणि निगेटिव्ह काढल्यावरही ती थोडा वेळ टिकते. 'फ्यूज काढला की झालं' असं मलाही एकाने सांगितलं होतं. हात आपले आहेत, चेहरा आपला आहे. मी ते ऐकलं नाही.

स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंची छोटी झाकणं काढली की आत टी-३० टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू. ते पूर्ण बाहेर येत नाहीत, सैल होऊन तिथेच अडकतात. ओढत बसू नका. पॅड (स्टिअरिंगच्या मधला, एअरबॅग असलेला भाग) हळूच पुढे घेतलं, पिवळ्या कनेक्टरचं लॉक उचलून तो सोडवला. तो सुटताच आतली पट्टी दोन्ही पिना एकमेकींना जोडते, म्हणजे अंगातल्या स्थिर विजेने स्क्विब पेटू नये. पॅड नेताना तोंड अंगापासून लांब, ठेवताना पॅडची दर्शनी बाजू वर आणि धातूची बाजू खाली. वर काही ठेवायचं नाही. आणि एअरबॅगला मल्टिमीटर लावायचा नाही, कधीच नाही: मीटरचा स्वतःचा करंट स्क्विबला पुरू शकतो.

एकोणिसाचा नट सोडून स्टिअरिंग काढलं, तेव्हा कारण दिसलं. आतली चपटी केबल एका टोकाला ताणून तुटली होती. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी स्टिअरिंग काढलं असावं आणि बसवताना केबल मध्यावर आणलीच नसावी. वाईट वाटलं, कारण ते दोन मिनिटांचं काम होतं. नवी केबल हाताने डावीकडे जड लागेपर्यंत फिरवली, मग उजवीकडे अडीच फेरे, खुणा जुळल्या. आवळताना नट ५० न्यूटन मीटर, टॉर्क्स स्क्रू ८.८. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) नसेल तर मित्राकडून मागून आणा, अंदाजाने आवळू नका.

निगेटिव्ह सगळ्यात शेवटी जोडला. त्या वेळी गाडीत कुणीही नाही, शेजारचा छोटा मुलगा बघायला आला होता त्यालाही लांब उभं केलं. मग दाराबाहेर उभं राहून, हात बाजूने आत घालून किल्ली ऑन केली. स्कॅनरने जुना कोड पुसला, किल्ली बंद करून पुन्हा ऑन. दिवा लागला, सहाएक सेकंदांनी विझला आणि विझलेलाच राहिला.

हॉर्नही खणखणीत वाजतोय. पुढच्या रविवारी ड्रायव्हरच्या खिडकीचा रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली करणारी यंत्रणा.