पुसलेला माळ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे पत्र हाती आले तेव्हा सर्वांत आधी आठवला तो आपल्या चित्रकलेच्या सरांचा कायम शाईने माखलेला अंगठा.

नववीत असताना, इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीच्या एका शनिवारी सरांनी घरचा टेपरेकॉर्डर आणून जर्मन संगीतकार बीथोव्हेनची पाचवी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी रचलेली दीर्घ रचना, लावली. तीन आखूड आणि एक लांब असे ते प्रसिद्ध चार स्वर वाजले, पुढे जेमतेम मिनिटभर संगीत चालले आणि वीज गेली. मग सर सांगू लागले. १८०२ साली, श्रवणशक्ती हळूहळू जात असताना, व्हिएन्नाजवळच्या हायलिगनश्टाट येथे बीथोव्हेनने भावांना उद्देशून एक पत्र लिहिले, जे त्याच्या मृत्यूनंतरच सापडले. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दूरची बासरी ऐकू यावी आणि आपल्याला काहीच ऐकू येऊ नये, ही मानहानी त्याने त्यात लिहून ठेवली आहे.

बालाघाटाच्या माळावर धनगरांचा पावा ऐकत वाढलेल्या मला ते चित्र लगेच दिसले. मेंढ्या, घोंगडी, पावा आणि पलीकडे विस्कटलेल्या केसांचा माणूस असे सारे मी मन लावून रेखाटले. सर बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "अरे, पावा छान आला आहे, पण त्याला तो ऐकू येत नाही, हे कुठे आहे?" मग खोडरबर घेऊन त्यांनी त्या दोघांमधला सगळा माळ पुसून टाकला. कागदाची लव उठली, मधोमध एक पांढुरका पट्टा राहिला आणि चित्र बोलू लागले.

लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून शाईने छाप काढण्याच्या पद्धतीत, जे कोरून काढावे तेच कागदावर पांढरे उमटते, म्हणून पुढे मी तेच माध्यम धरले. १८०० सालच्या पहिल्या सिंफनीपासून नवव्या सिंफनीपर्यंत मी नऊ छापचित्रे केली असून प्रत्येकात काळे कमी होत गेले आहे. ७ मे १८२४ रोजी नववी सिंफनी प्रथम सादर झाली तेव्हा टाळ्या ऐकू न आलेल्या बीथोव्हेनला एका गायिकेने श्रोत्यांकडे वळवले, असे सांगतात. माझ्या नवव्या छापात श्रोत्यांचे उंचावलेले हात तेवढे काळे आहेत. त्याची पाठ पूर्ण कोरी आहे.

तो छाप निघाला तेव्हा सर हयात नव्हते. चित्रकलेच्या खोलीत आता संगणक आले आहेत, हे ऐकून वाईट वाटले. पहिली प्रत मी शाळेकडे पाठवीत आहे. सरांचा फळा होता त्याच भिंतीवर ती लागावी, एवढीच विनंती आहे.