थांबायचे कधी, हे कोण सांगते?

गेल्या गुरुवारी आमच्या भजनी मंडळाचा गजर संपल्यावरही माझा टाळ एकटाच एकदा खणकला. बुवा काही बोलले नाहीत. पेटीवरचा हात न उचलता त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. मी डोळे मिटून तल्लीन झालो होतो, आणि समूहात वाजवणाऱ्याला ही चैन परवडत नाही.

तेव्हापासून वादकांचा कुठलाही ताफा आठवला की त्यातली माणसे नेमकी कोणाकडे पाहत होती, हेच मी आठवू लागतो. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत ठाण्याच्या तलावपाळीवरून जाणाऱ्या ढोल-ताशा पथकात नजर साहजिकच ढोलांवर खिळते, कारण ते संख्येने आणि आकाराने मोठे असतात. परंतु सूत्रे ताशाच्या हाती असतात. ताशाचा कडकडाट ढोलांच्या घुमाऱ्यातूनही आरपार ऐकू येतो, म्हणून चाल बदलण्याची आणि थांबण्याची खूण तोच देतो. अडचण होते ती मागच्या रांगांची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ताशापासून ३४ मीटर मागे असलेल्या ढोलवाल्याला ठोका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने उशिरा ऐकू येतो. लय चढल्यावर एवढा उशीर सगळा खेळ विस्कटायला पुरेसा असतो. केवळ कानांवर विसंबणारा ढोलवाला हमखास मागे पडतो. पुढच्याचे उचललेले टिपरू पाहून वाजवणारा टिकतो.

पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात हीच अडचण मंचावर असते. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मी एकदा ऐकला, तेव्हा आरंभी ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याने एक स्वर लांबवला आणि त्यावर सर्वांनी आपापली वाद्ये जुळवून घेतली. आमच्याकडे पेटी करते तेच हे काम. त्यानंतर आलेल्या संचालकाने स्वतः एकही आवाज न करता सगळ्यांना चालवले. नगारे व झांजा अगदी मागे असतात, आणि व्हायोलिनचा स्वर कानी पडेपर्यंत ते थांबले, तर श्रोत्यांपर्यंत त्यांचा ठोका उशिराच पोहोचणार; म्हणून ते वाजवणारे संचालकाच्या छडीकडे पाहून वाजवतात. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो एवढ्याच चौघांच्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये मात्र संचालक नसतो. तिथे बहुधा पहिला व्हायोलिनवादक किंचित मान उचलून श्वास घेतो आणि त्या श्वासाबरोबर चौघांचे गज एकदम तारांवर टेकतात. मला हा प्रकार ऑर्केस्ट्रापेक्षा अधिक भावतो, कदाचित आमच्या मंडळाचा आकार त्याच्या जवळचा असल्यामुळे.

गणपतीतल्या बेंजो पार्टीबद्दल मी फारसे बोलणार नाही. टेम्पोवरच्या कर्ण्यांतून सगळ्यांना सगळे ऐकू येते, त्यामुळे तिथे कोणाकडे पाहण्याची वेळच येत नाही.

आमचे मंडळ दहा-बारा जणांचे, देवळाच्या सभामंडपात दाटीवाटीने बसणारे. आवाज उशिरा पोहोचण्याची सबब इथे चालणार नाही. शिवाय आमच्या संगीतात थांबण्याची सूचना वादनातच गुंफलेली असते. पखवाजवाला तिहाई घेतो, म्हणजे बोलांचा एकच तुकडा तीनदा वाजवतो आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून ठेवतो. तुकडा पहिल्यांदा वाजताच जाणत्या कानाला शेवट कुठे येणार ते कळते. त्या गुरुवारीही त्याने तिहाई घेतली होती. माझे डोळे मिटलेले होते हे खरे, पण कानही तिथे नव्हते, हे मी बुवांना अजून सांगितलेले नाही.

या गुरुवारी मी खांबाजवळची टेकायची जागा सोडून पखवाजासमोर बसलो. डाव्या तोंडाला लावलेली ओली कणीक बोटाने नीट करता करता पखवाजवाल्याने माझ्याकडे पाहिले, हसला, आणि तिहाईच्या वेळी माझ्यासाठी मान जरा जास्तच हलवली.