ढाक्याचा कट्ठा, वीरगंजचा कट्ठा

एकच गोदाम, पायाखाली 8,000 चौरस फूट. पुणे, ढाका आणि नेपाळच्या तराईतलं वीरगंज, तिन्ही ठिकाणी बांधायला काय पडेल, याचा तक्ता संध्याकाळी द्यायचा होता. ढाक्याचा आकडा फारच कमी दिसत होता, म्हणून आधी एककं तपासायला घेतली.

चूक जमिनीपासूनच सुरू होती. दोन्हीकडचे प्लॉट ‘पाच कट्ठे’ लिहिले होते आणि तक्त्यात ते सारखेच धरले होते. ढाक्यात कट्ठा 720 चौरस फुटांचा, तराईत 3,645 चा. म्हणजे एकीकडे 18,225 चौरस फूट आणि ढाक्यात जेमतेम 3,600. गोदाम तिथे मावतच नव्हतं!

मग काँक्रीट. ढाक्याचा दर घनफुटाचा, आमचा घनमीटरचा, 35.3 ने गुणलं तरी तो स्वस्तच राहिला. तपशिलात ‘खोआ’ हा शब्द होता, म्हणजे फोडलेल्या विटांची खडी. तो देश बहुतेक गाळाचा, दगड बराचसा बाहेरून आणावा लागतो, म्हणून विटा फोडून खडी करतात. साध्या कामाला ती चालते. पण आपली काळी खडी जेमतेम एखादा टक्का पाणी पिते, खोआ दहा टक्क्यांच्या वर. आधी भिजवला नाही तर तो मिक्सरमधलं पाणी ओढतो, माल घट्ट होतो, मिस्त्री वरून पाणी मारतो आणि ताकद तिथेच जाते. फोर्कलिफ्ट फिरणाऱ्या फरशीला मी हे घेणार नाही. दगडी खडीचा दर नव्याने मागवला.

वीरगंजला उलटा प्रकार. सळई पुण्यापेक्षा जास्त निघाली आणि ती ‘समान’ करण्यासाठी कुणीतरी कापली होती. ती परत घातली. नेपाळची 2020 ची भूकंप संहिता कॉलमच्या दोन्ही टोकांना सळईच्या रिंगा कमी अंतरावर, त्यांचे हूक 135 अंशांत वळवून मागते. 2015 च्या भूकंपानंतर हा खर्च वाचवायचा विचारही करू नये. चलनाचा प्रश्न मात्र तिथे सोपा, भारतीय 1 रुपयाला नेपाळी 1.60, ठरलेला. करात नेपाळचा व्हॅट 13 टक्के, बांगलादेशचा 15. कोणत्या दरात तो धरलाय, हे प्रत्येक ओळीला विचारावं लागलं.

उरला पाया. पुण्यात थोड्या खोलीवर बेसॉल्ट लागतो, फुटिंगवर, म्हणजे उथळ पायावर भागतं. ढाक्याच्या मऊ मातीत पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर जाणारे खांब, लागण्याचीच शक्यता जास्त, आणि चौरस फुटाच्या त्या स्वस्त दरात पाइल धरलेच नव्हते. त्या रकान्यात मी आकडा घातला नाही. ‘बोअरहोलचा (माती तपासणीचा) अहवाल आल्यावर’ एवढंच लिहून तक्ता पाठवला.