मासा नेहमी मधेच का? जोड्यांच्या डावातली पिसणी अखेर सुटली

सापडलं! तीन आठवडे ज्याने डोकं खाल्लं ते काल रात्री साडेअकराला सापडलं. माझ्या गेममधल्या जोड्या लावायच्या डावातला दोष पान उलटण्यात नव्हता, स्पर्श ओळखण्यात नव्हता आणि चालींच्या मर्यादेतही नव्हता. तो पानं पिसण्यात होता.

मागच्या नोंदीत डाव जिथे सोडला होता तिथून पुढे सांगतो. मी बनवतोय त्या बाजारच्या गेममध्ये चिताऱ्याच्या दुकानात शिरलं की गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या, १६ पानांची ४×४ मांडणी उघडते. मत्स्यापासून कृष्णापर्यंत आठ अवतार, प्रत्येकाची दोन पानं. दोन पानं उघडली की एक चाल. जुळली तर उघडीच राहतात, नाही तर ०.८ सेकंदांनी पुन्हा पालथी. चाली संपायच्या आत आठही जोड्या लागल्या तर चितारी रंगाची एक डबी देतो. रोजची मांडणी सगळ्यांना सारखीच, कारण त्या दिवसाची तारीखच बी म्हणून, म्हणजे रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा म्हणून, वापरतो.

अडलं होतं ते चालींच्या मर्यादेवर. सुरुवातीला २० चाली ठेवल्या होत्या. आई रोज सकाळी चहाबरोबर एक डाव खेळते आणि १०-११ चालींत संपवते. म्हटलं फारच सोपं झालं, मर्यादा १६ वर आणली, मग १४ वर. लगेच तुमच्यापैकी चौघांचे निरोप आले की १४ मध्ये डाव पुरा होतच नाही. खेळ तोच, मांडणी तीच. पण आई ११ मध्ये सुटते आणि तुम्ही १४ मध्येही अडकता.

मग गणिताकडे वळलो. डॅनियल व्हेलमन आणि ग्रेगरी वॉरिंग्टन या दोन गणितज्ञांनी २०१३ मध्ये या खेळाचा हिशेब मांडला आहे. एकदा दिसलेलं पान कधीच न विसरणारा खेळाडू घेतला, तर जोड्यांच्या संख्येला साधारण १.६१ ने गुणून जे येतं त्यापेक्षा जेमतेम अर्धी चाल कमी, इतक्या चाली त्याला सरासरी लागतात. आठ जोड्यांना हे १२.४ येतं. म्हणजे स्मरणशक्ती अगदी पक्की असली तरी सरासरी बाराच्या खाली उतरत नाही, कारण सुरुवातीची पानं आंधळेपणानेच उघडावी लागतात. एखाद्या दिवशी नशिबाने ९ मध्ये डाव सुटेल, पण तीन आठवडे रोज १०-११ हे निव्वळ आठवणीच्या जोरावर शक्य नाही. आईला पालथ्या पानांबद्दल काहीतरी कळत होतं.

पहिला संशय पाठीवर. माझ्याकडच्या सावंतवाडीच्या जोडाची पाठ एकरंगी लाल आहे. हाताने रंगवलेली असल्याने प्रत्येक पानावर ब्रशचे फटकारे थोडे वेगळे दिसतात. पण गेममध्ये एकाच पाठीचं चित्र सोळाही ठिकाणी वापरलंय, तेव्हा तिथे काही निसटणं शक्यच नव्हतं. तरी दोन पाठींचे स्क्रीनशॉट एकमेकांवर ठेवून पाहिले. एका पिक्सेलचाही फरक नव्हता.

दुसरा संशय उलटण्यावर. पान उलटताना रुंदी शून्यावर आणतो, मधल्या क्षणी चित्र बदलतो आणि रुंदी परत वाढवतो, दोन्ही बाजूंना ०.१२ सेकंद. मधल्या एखाद्या फ्रेममध्ये शेजारच्या पानाचं चित्र डोकावतं की काय म्हणून फोनवर रेकॉर्डिंग करून फ्रेम-फ्रेम पाहिलं. स्वच्छ.

तिसरा संशय बीवर. रोज तीच मांडणी तर येत नाही ना? सुपर मारिओ ब्रोज ३ मधला १८ पानांचा जोड्यांचा डाव आठवत असेल. त्यात फक्त ८ ठरलेल्या मांडण्या होत्या, त्यामुळे दोन-तीन पानं उघडून कोणती मांडणी आहे ते ओळखता आलं की पुढचं सगळं पाठ. पण माझ्या तीस दिवसांच्या मांडण्या छापून पाहिल्या तर तीसही वेगळ्या निघाल्या.

यानंतर मी जे केलं त्याने मला सगळ्यात जास्त फसवलं. कधीही न विसरणारा बॉट, म्हणजे आपोआप खेळणारा प्रोग्रॅम, लिहिला आणि त्याला एक लाख डाव खेळायला लावले. सरासरी १२.४. गणिताशी तंतोतंत. मी निश्चिंत झालो की पिसणी ठीक आहे. दहा दिवस त्या भरवशावर स्पर्शाच्या कोडमध्ये शोधत बसलो. (त्यात एक गोष्ट हाती लागली. गोदो ४ मध्ये, म्हणजे ज्या इंजिनावर हा गेम बनवतोय त्यात, स्पर्शावरून माऊसची घटना तयार करण्याची सेटिंग मुळात चालूच असते, त्यामुळे फोनवर एका टिचकीला दोन घटना येतात. एकच पान पहिलं म्हणूनही नोंदलं जायचं आणि दुसरं म्हणूनही, आणि त्याची स्वतःशीच जोडी लागायची. संगणकावर हे कधी दिसत नाही. नकली घटनेचा डिव्हाइस क्रमांक उणे १ असतो, तो तपासून ती टाकून दिली की झालं.)

काल रात्री जेवणानंतर आईच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, तू खेळ, मी नुसता बघतो. तिने पहिलं बोट दुसऱ्या ओळीत टेकवलं. मासा. लगेच त्याच्या शेजारचं पान. मासा.

"तिथेच का उघडलंस?"

"अरे, मासा मधेच असतो ना नेहमी. कोपऱ्यात कधी बघितला नाही मी. कोपऱ्यात बघ, कृष्ण असेल."

कोपऱ्यात कृष्ण होता. दुसरा कृष्ण पार दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात. "एकतर खेटून असतात, नाहीतर अशी दोन टोकांना," ती म्हणाली आणि पुढचं पान उघडलं.

मी उठून थेट संगणकाशी गेलो. दहा हजार मांडण्या काढल्या आणि प्रत्येक घरात मासा किती वेळा आला ते रंगवून पाहिलं. मधल्या दोन ओळी लालभडक, चारही कोपरे जवळजवळ कोरे. दोन्ही मासे मधल्या दोन ओळींत असण्याचं प्रमाण शंभरात नव्वदच्याही वर गेलं होतं. सरळ पिसणीत ही शक्यता १२० पैकी २८, म्हणजे साधारण २३ टक्के असायला हवी.

कारण असं. गोदोमध्ये यादी पिसायचं तयार फंक्शन आहे, पण ते सगळ्या गेमसाठी एकच रँडम स्रोत वापरतं. माझ्याकडे गिऱ्हाइकांची ये-जा, भाव, पाऊस, सगळं त्याच स्रोतावर चालतं. त्यामुळे तारखेचं बी दिलं तरी प्रत्येकाच्या फोनवर मांडणी वेगळी पडायची. म्हणून डावासाठी स्वतंत्र रँडम स्रोत घेतला आणि पिसणी स्वतः लिहिली. सोपी वाट म्हणून सॉर्टलाच, म्हणजे यादी क्रमाने लावणाऱ्या फंक्शनलाच, कामाला लावलं. कोणतं पान आधी, असं सॉर्टने विचारलं की नाणेफेक करून हो किंवा नाही सांगायचं. इंटरनेटवर ही युक्ती जागोजागी दिसते.

पण सॉर्ट म्हणजे पिसणी नव्हे. १६ पर्यंतच्या लहान यादीला इंजिन एकेक पान घेऊन आधीच्या रांगेत घुसवतं. नवं पान आधी रांगेतल्या पहिल्या पानाशी ताडतं. तिथे हो मिळालं, म्हणजे निम्म्या वेळा, की ते सरळ रांगेच्या तोंडाशी जाऊन बसतं. नाही मिळालं तर शेपटीकडून एकेक घर पुढे सरकतं, दर घराला पुन्हा नाणेफेक, त्यामुळे एक-दोन घरांतच अडकतं. आता माझी मूळ यादी बघा: मासा, मासा, कासव, कासव, असं करत शेवटी कृष्ण, कृष्ण. मासे सगळ्यांत आधी रांगेत गेले. नंतर आलेला प्रत्येक जण एकतर त्यांच्या पुढे गेला किंवा मागे राहिला, त्यामुळे मासे आपोआप मध्यात. कृष्ण शेवटी आले, ते टोकांना. आणि एकामागून एक येणारी जोडी दोन्ही नाणेफेकींत एकाच बाजूला गेली तर खेटून बसणार, वेगळ्या बाजूंना गेली तर दोन टोकांना. आई म्हणाली होती अगदी तेच.

इंजिन हे सांगतही होतं. डिबग करताना, म्हणजे चुका शोधताना, खाली वरचेवर लाल ओळ यायची: "बॅड कम्पॅरिझन फंक्शन; सॉर्टिंग विल बी ब्रोकन", म्हणजे तुलना चुकीची आहे, क्रम बिघडेल. पानं तर क्रमात लावायचीच नाहीत, मग सॉर्ट बिघडलं तर बिघडू दे, असं म्हणून मी ती ओळ सोडून देत होतो. तुमच्याही खिडकीत अशी एखादी ओळ असेल तर आज तिच्या मागे लागा.

मग बॉटला हे का दिसलं नाही? तो कुठलं पान आधी उघडायचं हे स्वतःच रँडम ठरवत होता. मांडणी कितीही वाकडी असली, तरी घरं रँडम क्रमाने उघडली की त्या खेळाडूपुरती ती पुन्हा नीट पिसली जाते. माणूस तसं खेळत नाही. कुणी वरून ओळीने उघडतं, कुणी कोपऱ्यातून, कुणी एका पानाशेजारचं दुसरं. म्हणून आता तीन बॉट केलेत: रँडम उघडणारा, ओळीने उघडणारा आणि आधी शेजारचं पान बघणारा. तिघांचीही सरासरी १२.४ यायला हवी. एकाचीही कमी आली तर पिसणी काहीतरी सांगून जाते आहे.

उपाय जुनाच आहे. फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये कागद-पेन्सिलीसाठी दिलेली रीत, डर्स्टनफेल्डने १९६४ मध्ये संगणकासाठी बसवली. शेवटच्या घरापासून सुरुवात करायची. सोळाव्या घरासाठी १ ते १६ मधला आकडा काढायचा आणि त्या घरातल्या पानाशी अदलाबदल करायची. मग पंधराव्यासाठी १ ते १५ मधला, असं दुसऱ्या घरापर्यंत. पंधरा अदलाबदली आणि काम संपलं. रात्रीच्या घाईत पहिल्या प्रयत्नात मी प्रत्येक घरासाठी १ ते १६ मधलाच आकडा काढत होतो. तेही चुकतं. तीन पानांवर करून बघा: तशा २७ वाटा होतात आणि क्रम फक्त ६ असतात. २७ ला ६ ने नि:शेष भाग जात नाही, तेव्हा काही क्रम जास्त वेळा येणारच. ते दुरुस्त केल्यावर नकाशा काढला आणि सोळाही घरांना एकसारखा फिकट रंग आला. प्रत्येक घरात मासा साडेबारा टक्के. तो नकाशा छापून भिंतीवर लावलाय.

आता चाली. न विसरणाऱ्याला सरासरी १२.४, आणि पूर्ण नशीब फुटलं तरी १५ च्या पुढे तो जात नाही. आपण माणसं विसरतो, म्हणून मर्यादा परत २० वर नेली. ज्यांना १४ मध्ये अडकवलं त्या चौघांची मनापासून माफी. तुमचा खेळ बरोबर होता.

आवाजाचंही काम झालं. एका ऑनलाइन दुकानातून पैसे मोजून घेतलेल्या पत्त्यांच्या आवाजांत सगळी फडफड विलायती प्लास्टिकच्या पत्त्यांची होती. गंजिफाचं पान जाड, गोल आणि लाखेने टणक असतं. ते लाकडावर ठेवलं की टक्क वाजतं. शेवटी माझ्याच जोडातलं पान पाटावर आपटून, फोन उशीखाली अर्धा झाकून रेकॉर्ड केलं. पैसे देऊन घेतलेल्या चाळीस आवाजांपेक्षा हा एक सरस. चित्रांसाठीही स्कॅनरच्या नादी लागू नका. लाखेवर पांढरा पट्टा येतोच. ढगाळ दुपारी खिडकीजवळ काढलेला फोटो पुरतो.

पुढे ४×५ करून बुद्ध आणि कल्की आणायचे ठरले होते. दहा जोड्या झाल्या की सरासरी १५.६. पण हे लिहिताना जोड समोर ठेवलाय आणि एक वेगळीच गोष्ट मनात आली. दशावतारी गंजिफाच्या १२० पानांत एकसारखी दोन पानं नसतातच. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. मग मी एकच मासा दोनदा का दाखवतोय? जोडी राजाची त्याच्या प्रधानाशी लावायला हवी. गणित बदलत नाही, न विसरणाऱ्याला सरासरी तेवढ्याच चाली लागतात. पण माणसाला आता चित्र लक्षात ठेवून भागणार नाही, अवतार ओळखावा लागेल. चिताऱ्याच्या दुकानात तर हेच शोभतं. दहा जोड्या थांबतील, आधी आठ प्रधानांचे फोटो काढतो. दोन्ही पानांवर अवताराची खूण बोटाएवढ्या जागेत ओळखू यायला हवी, वाराहाच्या पानांवर तिथे जरा अडचण दिसतेय.

नवी पिसणी घातलेली आवृत्ती चाचणीवाल्यांना आज गेली. आईने सकाळी खेळून पाहिली: १५ चाली. मासा वरच्या उजव्या कोपऱ्यात होता. उद्याच्या मांडणीत पहिलं पान तुम्ही कुठलं उघडता आणि का, ते कळवा. चौथा बॉट त्यावरूनच लिहायचाय.