तीस, तीन आणि तीनशे तीन

शेतीविषयक लेख देणाऱ्या एका संकेतस्थळाची तांत्रिक बाजू माझ्याकडे आहे. दुपारी सव्वातीनला तिथल्या संपादकांचा फोन आला. "फवारणीचा आकडा आम्ही सकाळीच दुरुस्त केलाय. तरी लोक विचारतायत, दहा लिटरला तीनशे तीन मिली घालायचं का म्हणून!"

मूळ लेखात १० लिटर पाण्यात ३ मिलीऐवजी ३० मिली कीटकनाशक छापलं गेलं होतं. १०:४०ला ते सुधारलं. संकेतस्थळ उघडलं तर खोडलेले ३० आणि शेजारी ठळक ३, काहीच वावगं नाही. विचारणारे सगळे फीड रीडरमध्ये वाचणारे होते, म्हणजे संकेतस्थळ आपल्या लेखांची जी फाइल (फीड) पुरवतं ती आणून दाखवणाऱ्या ॲपमध्ये.

कर्ल या साधनाने कच्चं फीड उतरवून घेतलं आणि ३०३चा उगम लगेच सापडला. दोन स्पॅन टॅग (मजकुराच्या तुकड्याभोवतीच्या खुणा) एकमेकांना चिकटून होते. पहिल्यात ३०, दुसऱ्यात ३, मध्ये साधी मोकळी जागासुद्धा नाही. पहिल्यावर जी आडवी रेघ दिसत होती ती टॅगला दिलेल्या क्लास या नावामुळे, आणि त्या क्लासची व्याख्या संकेतस्थळाच्या सीएसएस फाइलमध्ये, म्हणजे मजकूर कसा दिसावा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये. ती फाइल फीडबरोबर जात नाही. रेघ गेली, उरले ते ३०३.

थेट टॅगमध्येच स्टाइल लिहिली असती तरी भरवसा नव्हता. काही रीडर मोजके गुणधर्म ठेवतात, काही सगळंच छाटतात. यात त्यांचा दोष नाही. परक्याच्या मजकुराला हवी तिथे जागा धरू दिली, तर तो रीडरची स्वतःची बटणंही झाकू शकतो. ब्लॉगर मार्क पिल्ग्रिम यांनी २००३ मध्ये आपल्या फीडमध्ये थोडा कोड घालून वाचकांच्या पडद्यावर प्लॅटिपस हा प्राणी आणून हा धोका गमतीगमतीत दाखवला होता. स्क्रिप्ट, स्टाइल, ऑब्जेक्ट वगैरे टॅग गाळणं ही रीडर लिहिणाऱ्यांसाठी तेव्हापासून प्राथमिक गोष्ट आहे.

पण सकाळी सुधारलेला आकडा दुपारी तीनपर्यंत कोणालाच कसा दिसला नाही? सर्व्हरचा लॉग पाहिला. १०:४०नंतर रीडर येत होते आणि प्रत्येकाला ३०४ हा सर्व्हरचा संकेतांक मिळत होता, म्हणजे 'काही बदललेलं नाही'. रीडर मागच्या खेपेची तारीख पाठवून 'यानंतर काही नवं आहे का' असं विचारतो. आमचा फीड बनवणारा प्रोग्राम 'लास्ट-मॉडिफाईड'ची (शेवटच्या बदलाची) तारीख सर्वांत नव्या लेखाच्या प्रकाशनवेळेवरून काढत होता. जुन्या लेखातल्या दुरुस्तीने ती हलणार कशी! तीन वाजता पुढचा लेख चढला, तारीख सरकली आणि दुरुस्तीही त्याच्या पाठोपाठ बाहेर पडली.

तीही धड नाही. दुरुस्ती करताना शीर्षकही बदललं होतं. लेखाचा पत्ता शीर्षकावरून बनायचा आणि नोंदीचा जीयूआयडी म्हणजे तोच पत्ता. रीडर नोंद ओळखतो ती जीयूआयडीवरून. तो बदलला की त्याच्या लेखी तो दुसराच लेख. त्यामुळे जुन्या नोंदीत ३०, नव्या नोंदीत ३०३, आणि खरा ३ एकाही रीडरमध्ये नाही.

जीयूआयडी तसाच राहिला असता तरी सगळीकडे एकच घडलं नसतं. काही रीडर पहिली प्रत जपून ठेवतात आणि नंतरच्या बदलाकडे बघतही नाहीत. काही मजकूर बदलतात, पण नोंद 'वाचलेली'च ठेवतात. वाचक परत तिकडे कशाला जाईल? फ्रेशआरएसएस किंवा टायनी टायनी आरएसएस या रीडरमध्ये बदललेली नोंद पुन्हा 'न वाचलेली' करण्याची सोय आहे, पण ती वाचकाने चालू केलेली असली तर. आता दुरुस्ती करायची ती हे सगळं लक्षात ठेवूनच.

आधी मजकूर. स्पॅन काढून 'डेल' (खोडलेलं) आणि 'इन्स' (नव्याने घातलेलं) टॅग घालता आले असते, ते बहुतेक रीडर राखतात. पण सूचनेत किंवा सारांशात सगळे टॅग गळतात आणि पुन्हा ३०३ होतो. औषधाचं प्रमाण रेघेवर टांगणं मला पटलं नाही. साधं वाक्य घातलं: "दुरुस्ती: बरोबर प्रमाण १० लिटर पाण्यात ३ मिली. आधी चुकून ३० मिली छापले होते."

मग ओळख. फीडमध्ये एकूण २० नोंदी. सगळ्यांचे जीयूआयडी नव्या पद्धतीने केले असते, तर वीसच्या वीस पुन्हा 'नव्या' म्हणून आदळल्या असत्या. म्हणून जुन्यांचे आहेत तसे गोठवले. यापुढच्या लेखांसाठी डेटाबेसमधल्या क्रमांकावरून कायमचा जीयूआयडी, 'इजपर्मालिंक' फॉल्ससह. हे न लिहिल्यास आरएसएस २.० (आमचं फीड ज्या स्वरूपात आहे ते) जीयूआयडीला उघडता येणारा पत्ता समजतं. बिघडलेल्या लेखाचे दोन्ही जीयूआयडी मुद्दाम फीडमध्ये ठेवले आणि दोन्हींत सुधारलेला मजकूर भरला, म्हणजे ३० आणि ३०३ दोन्ही प्रतींवर तो बसेल. जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ लावला, म्हणजे 'पत्ता कायमचा बदलला' असं सांगून तिकडे पाठवणारा संकेतांक. बदल न पाहणाऱ्या रीडरसाठी वेगळी दुरुस्तीची नोंद काढली, नवा जीयूआयडी देऊन, आणि आकडा शीर्षकातच लिहिला.

शेवटी कॅश, म्हणजे रीडरने आपल्याकडची जुनी प्रत कधीपर्यंत चालवायची ते. तारखेऐवजी फीडच्या मजकुराच्या हॅशवरून (मजकूर बदलला की बदलणाऱ्या आकड्यावरून) इटॅग काढला, म्हणजे बदल ओळखायला रीडर परत पाठवतो ती खूण. त्यात एक मेख होती: 'लास्टबिल्डडेट'मध्ये (फीड बनल्याच्या वेळेत) प्रोग्राम दर वेळी चालू घड्याळ छापत होता, त्यामुळे हॅश दर वेळी वेगळा यायचा आणि ३०४ कधीच मिळाला नसता. ती ओळ वगळून हॅश केला.

आरएसएस २.०मध्ये नोंदीला 'कधी बदलली' हे सांगायला घटकच नाही, फक्त प्रकाशनाची तारीख. अ‍ॅटम या फीडच्या दुसऱ्या स्वरूपात, म्हणजे डिसेंबर २००५च्या आरएफसी ४२८७ या इंटरनेट मानकात, 'अपडेटेड' प्रत्येक नोंदीला सक्तीचा आहे आणि बदल महत्त्वाचा आहे की नाही हे प्रकाशकाने ठरवायचं आहे. शुद्धलेखन सुधारलं तर तारीख तशीच ठेवता येते. प्रमाण बदललं तर पुढे न्यायची. हे अ‍ॅटम फीड पुढच्या आठवड्यात घ्यायचं ठरलं.

पावणेसहाला चार रीडर उघडून तपासलं. तिघांत दोन्ही नोंदी सुधारलेल्या दिसल्या. चौथ्यात ३० आणि ३०३ जसेच्या तसे होते, आणि त्यांच्या वर न वाचलेली, ठळक अक्षरांत दुरुस्तीची नोंद.