सेफ्टी व्हॉल्व्हला लावलेलं टोपण

डिसेंबरातली सकाळ, साडेसातचा सुमार. पुण्यात धायरीला एका घराची टाकीची लाईन जोडत होतो. खिशातला फोन वाजला. सिंहगड रोडवरचे एक काका, निवृत्त शिक्षक, दहा-बारा वर्षांचं माझं गिऱ्हाईक.

"अरे, सवडीने ये. गरम पाण्याचा नळ सोडला की नुसता भपकारा येतोय, पाणी कमी आणि वाफच जास्त. नळ गेला असेल. येताना नवा घेऊन ये."

हातातला पाना खाली ठेवला. विचारलं, "काका, गिझर कधीपासून चालू आहे?"

"पहाटे पाचपासून. नातीच्या बारशाला पाहुणे आलेत ना. सहापर्यंत आंघोळी उरकल्या, बटण तसंच राहिलं बहुतेक."

"त्याचा लाल दिवा जातोय का?"

"नाही, तो कालपासून जातच नाही."

मी म्हणालो, "काका, फोन ठेवू नका. आधी पॅसेजमधला गिझरची वीज तोडणारा एमसीबी पाडा. बाथरूममध्ये कुणी जायचं नाही, दार ओढून घ्या. गरम-गार कुठलाच नळ उघडू नका. मी निघालो."

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, बाळाच्या आंघोळीला पाणी काढायचंय." काका त्यांना काय म्हणाले ते कळलं नाही, पण एमसीबी पाडल्याचा खटका मला फोनवर ऐकू आला. तेव्हा कुठे मी स्कूटरला किक मारली.

वाफेचं मी एवढं मनाला का लावून घेतलं, ते सांगतो. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशाला उकळतं आणि वाफ वर निघून जाते. बंद टाकीत दाब चढला की पाणी १०० अंशाच्या वर जाऊनही पाणीच राहतं. बार हे दाबाचं माप. हवेपेक्षा २ बार दाब जास्त असेल तर ते साधारण १३३ अंशाला उकळतं. अशी टाकी फाटली की दाब एका क्षणात उतरतो आणि त्यातल्या काही पाण्याची जागच्या जागी वाफ होते. १ लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरच्याही वर जागा मागते. बाथरूमच्या भिंती, दार, आत उभा असलेला माणूस, कुणालाच ते झेपणारं नसतं. गिझर साधा १५ लिटरचा आणि २,००० वॉटचा होता. गार पाणी उकळीला यायला त्याला पाऊण तासही लागत नाही. इथे आंघोळी उरकून दीड तास झाला होता.

पोहोचलो तेव्हा घरभर पाहुणे, पाळण्याला झेंडूच्या माळा, स्वयंपाकघरात घुगऱ्या शिजत होत्या. बाथरूमचं दार बोटभर उघडून कान दिला. आत खोल गुरगुर चालू होती, वीज बंद करून वीस मिनिटं झाली तरी. दार परत लावून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसलो. "आता काय करायचं?" काकांनी विचारलं. म्हटलं, काही नाही, निवू द्यायचं. अशा वेळी काही न करता बसणं हेच काम असतं, आणि तेच घरच्यांना सर्वांत जड जातं. त्यांच्या एका भाच्याला नळ थोडासा सोडून दाब काढायचा होता. त्याला मी हात जोडून थांबवलं.

बसल्या बसल्या सगळी हकिगत निघाली. दिवाळीच्या सुमारास गिझर मध्येच बंद पडायला लागला होता. जवळच्या एका वायरमनने येऊन तो 'डायरेक्ट' करून दिला. तेव्हापासून पाणी कढत यायला लागलं, घरचे खूश. पंधरा दिवसांनी गिझरच्या खालून थेंब पडायला लागले, मग धारच लागली. काका हाताने काम करणारे, नळाचं वॉशर स्वतः बदलणारे. ते हार्डवेअरच्या दुकानात गेले, एक टोपण आणलं, वर एम-सील लावलं आणि गळती बंद केली. हे सांगताना त्यांच्या आवाजात समाधान होतं. मला पोटात गोळा आला.

अकरा वाजता टाकीला हात लावण्याइतपत गारवा आला. आत गेलो. गार पाणी जिथून गिझरमध्ये शिरतं तिथे पितळी व्हॉल्व्ह असतो. टाकीतलं पाणी तो उलटं लाईनमध्ये जाऊ देत नाही आणि दाब वाढला की बाजूच्या छोट्या तोटीतून पाणी बाहेर सोडतो. त्या तोटीवर बोटाच्या पेरभर टोपण, भोवती एम-सीलचं राखाडी कडं, अंगठ्याने दाबून नीट गुळगुळीत केलेलं. अंगठ्याच्या रेषासुद्धा दिसत होत्या.

विजेचं काम माझं नाही, म्हणून ओळखीचा लायसन्सवाला वायरमन बोलावला. त्याने खालचं झाकण काढलं. पाणी तापलं की वीज तोडायची, हे थर्मोस्टॅटचं काम. त्याचे पॉइंट चिकटून काळे पडलेले. तो चुकला तर दुसरा रखवालदार म्हणून कटआऊट असतो. त्याला वगळून दोन्ही वायरी एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळलेली. दिवाळीत जो मध्येच बंद पडत होता तो गिझर बिघडलेला नव्हता, कटआऊट आपलं काम करत होता. तो गेल्यावर उरला फक्त व्हॉल्व्ह. तो बिचारा दिवसरात्र पाणी सोडून टाकीचा जीव वाचवत होता, आणि त्याच्याच तोंडाला आपण टोपण लावलं.

कॉइलवर बोटभर जाडीचा पांढरा थर होता. या भागात टँकरचं आणि बोअरचं पाणी वापरलं की क्षार असेच बसतात. टाकीच्या तळाच्या फ्लँजचं, म्हणजे बोल्टने आवळलेल्या झाकणाचं, रबरी पॅकिंग एका बाजूने ओठासारखं बाहेर ढकललं गेलं होतं. ते पाहिल्यावर मी आणि वायरमन एकमेकांकडे बघत राहिलो. टाकीवर ८ बारचा शिक्का होता. आत किती चढला होता, देव जाणे.

काकांना बोलावून सगळं दाखवलं. त्यांनी पॅकिंगला बोट लावलं, मग बाहेर पाळण्याकडे पाहिलं आणि खाली बसले. "मी शिकलेला माणूस," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "काका, तुमच्या हाताला दोष नाही. वॉशर बदला, नळाची जाळी काढून क्षार धुवा, बेसिनखालचा ट्रॅप खोलून केस काढा, फ्लशचा फ्लोट सरळ करा. त्यासाठी मला बोलावून पैसे घालवू नका. पण गिझरशी जोडलेलं काहीही गळलं, आवाज करायला लागलं, की मला फोन. भिंतीच्या आतून ओल आली, खालच्यांच्या छताला डाग पडला, स्विचबोर्डाजवळ भिंत दमट लागली, घरातले सगळे नळ बंद असताना पाण्याच्या मीटरचा काटा फिरतोय, तरी फोन. आणि कुठूनही पाणी यायला लागलं तर ते बुजवण्याआधी एवढं बघा, की ती जागा पाणी यायचीच आहे का."

ही शेवटची गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येक घरात सांगतो. आपल्याकडे गळतीची लाज वाटते, गळणारं घर म्हणजे जणू घरात पैसा टिकत नाही. म्हणून दिसलं पाणी की बुजव. पण ओव्हरफ्लोचा पाइप किंवा गिझरची तोटी मुद्दामच ठेवलेली असते. तिथून पाणी आलं की आत काहीतरी बिनसलंय का ते पाहायचं.

तो गिझर भंगारात गेला. दुपारी नवा बसवला, तोटीला पारदर्शक नळी जोडून ती खाली नहाणी ट्रॅपपर्यंत, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीपर्यंत, सोडली. काकांना सांगितलं की पाणी तापताना फुगतं. १५ लिटर पाणी २० अंशावरून ६० वर गेलं की पाव लिटरच्या आसपास वाढतं, ते या नळीतून आलं तर घाबरायचं नाही. त्याहून बरंच जास्त आलं किंवा गिझर बंद असतानाही येत राहिलं, तर मला बोलवायचं. बारसं चारऐवजी सहाला झालं. मला घुगऱ्यांचा पुडा बांधून दिला.

जानेवारीत काकांचा पुन्हा फोन. "जमेल तेव्हा ये, घाई नाही, पण बघून जा." मी त्याच संध्याकाळी गेलो. नळीखाली त्यांनी काकूंचं औषधाचं मापाचं भांडं ठेवलं होतं, आणि दाराला टांगलेल्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात पेन्सिलीने आकडे: २१०, २३०, २२०, २३०.

"बरोबर आहे ना रे?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे, काका."

तरी मी सगळं एकदा तपासलं. काकूंनी चहा टाकला. आत बाळ झोपलं होतं, म्हणून आम्ही हळू बोलत होतो.